तू लहान आहेस, तुला नाही कळायचं! – गोष्टींतली मुलं आणि त्यांचं दुःख

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

  बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल, रात्री दिवा बंद करून पांघरुणात फोन घेऊन पडला असाल, जिथे असाल तिथे स्वागत. आजचा विषय थोडा जड आहे, पण आपण तो हळूहळू उचलू. आणि आधीच सांगतो, आज स्पॉइलर्स भरपूर आहेत. ‘श्वास’, ‘किल्ला’, ‘फँड्री’, ‘शाळा’, ‘कोसला’ आणि ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ या सगळ्यांमध्ये काय होतं ते मी बोलणार आहे. ज्यांना कोरं राहायचंय त्यांनी आत्ताच पॉज करा, बघून-वाचून या. आम्ही कुठे जात नाही.

तर विषय असा की गोष्टींमध्ये लहान मुलांवर, टीनएजर्सवर जेव्हा मोठं दुःख कोसळतं, कोणीतरी जातं, काहीतरी कायमचं तुटतं, तेव्हा त्या गोष्टी ते दुःख कसं सांगतात? आणि त्यातून आपल्याला काही मिळतं का?

हा विषय माझ्या डोक्यात आला एका मेसेजमुळे. आपल्या एका श्रोतीने पाठवला होता. नाव सांगत नाही, तिच्या परवानगीने थोडक्यात सांगतो. २०२१ मध्ये ती नववीत असताना तिचे बाबा गेले. घरात नातेवाईक जमले आणि प्रत्येकाने तिला एकच गोष्ट सांगितली, ‘आता आईला तूच सांभाळायचं.’ ती लिहिते, ‘मी आईला सांभाळलं. खरंच सांभाळलं. पण मला काय होतंय हे आजपर्यंत कोणी विचारलं नाही. आता तर विचारायची वेळही निघून गेली असं वाटतं. मला अशी एखादी गोष्ट सांगा ना, जिच्यात माझ्यासारखं कोणी असेल.’

हे वाचून मी माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन उभा राहिलो. आणि एक लक्षात आलं. आपल्याकडच्या या प्रकारच्या चांगल्या गोष्टी बघितल्या, तर बहुतेकांच्या पोटात दोनच प्रश्न असतात. एक, मुलाला खरं कोण सांगणार? आणि दोन, मुलाने आपलं कोणाला सांगायचं?

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. ‘श्वास’ आठवतोय? २००४ चा संदीप सावंत यांचा सिनेमा, माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा. कोकणातला छोटा परशुराम, म्हणजे परश्या, आणि त्याचे आजोबा. आजोबांचं काम अरुण नलावडे यांनी केलंय, आणि परश्या झालेल्या अश्विन चितळेला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. परश्याला डोळ्यांचा कॅन्सर आहे, रेटिनोब्लास्टोमा. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार.

एक मिनिट थांबून कामाची गोष्ट सांगतो. हा आजार खरा आहे आणि तो बहुतेक वेळा अगदी लहान मुलांना, पाच वर्षांच्या आतल्यांना होतो. कधी कधी फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या डोळ्याची बाहुली लाल दिसण्याऐवजी पांढरी चमकते. असं वारंवार दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जायचं. लवकर कळलं तर जीव वाचतो, आणि पुष्कळदा नजरही वाचवता येते. घरात लहान भाचे-पुतणे असतील तर हे लक्षात ठेवा.

हं, तर सिनेमा. वरवर बघितलं तर ही आजाराची गोष्ट वाटते. पण बघताना आपला जीव टांगणीला लागतो तो दुसऱ्याच गोष्टीने. हे या पोराला सांगायचं कोणी? आजोबांच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोरगा अस्वस्थ आहे, चिडतोय, कारण आपल्याभोवती काहीतरी शिजतंय हे त्याला कळलेलं आहे. मुलांना हे कळतंच हो! दाराआडची कुजबुज, आपण खोलीत शिरल्यावर बदलणारे विषय, अचानक न मागता मिळणारे लाड. मोठ्यांना वाटतं आपण मुलाला दुःखापासून वाचवतोय. होतं असं की मूल त्या दुःखासोबत एकटं पडतं.

आणि मग ऑपरेशन पुढे ढकललं जातं तेव्हा आजोबा काय करतात? ते परश्याला गुपचूप हॉस्पिटलमधून बाहेर काढतात आणि शहर दाखवतात. डोळे आहेत तोवर बघून घे. नियमाने बघितलं तर हा बेजबाबदारपणाच. पण मला हा प्रसंग फार मोठा वाटतो, कारण आजार कळल्यापासून त्या मुलाचा पेशंट झालेला असतो आणि त्या काही तासांसाठी तो पुन्हा मुलगा होतो.

आता दुसरा सिनेमा, ‘किल्ला’. दिग्दर्शक अविनाश अरुण, कॅमेराही त्यांचाच. २०१४ च्या बर्लिन फेस्टिवलमध्ये याला लहान मुलांच्या ज्यूरीने क्रिस्टल बेअर दिलं. म्हणजे बक्षीस मुलांनीच दिलं, हे मला विशेष वाटतं. ज्यांची गोष्ट, त्यांनीच पास केली.

चिन्मय अकरा वर्षांचा. वडील जाऊन वर्ष झालंय. आईची बदली होते म्हणून पुणं सोडून कोकणात येतात. आता या सिनेमात वडिलांच्या मृत्यूचा सीन नाही, हॉस्पिटल नाही, हार घातलेल्या फोटोसमोर हमसून रडणं नाही. आहे काय? नवी शाळा, नवे मित्र, समुद्र, पाऊस आणि एक मुलगा जो सतत थोडासा घुश्शात आहे. मित्रांबरोबर सायकलवर किल्ल्यावर जातो, जोराचा पाऊस येतो, आणि बघतो तर मित्र नाहीत. त्याला सोडून गेलेत. बाकी कोणा मुलाने याचा दोन दिवस राग धरला असता. चिन्मयला मात्र तो प्रसंग आतून हलवून टाकतो.

का? कारण त्याला आधीच एकाने सोडलंय. बाबांवर रागावता येत नाही. गेलेल्या माणसावर कसं रागवायचं? मग तो राग मित्रांवर निघतो, आईवर निघतो, या गावावर निघतो. तुमच्यापैकी कोणी असं अनुभवलंय का, की घरातलं कोणी गेल्यावर एक थेंब आला नाही डोळ्यांतून, आणि तीन महिन्यांनी हेडफोन हरवला म्हणून ढसाढसा रडलात? ते रडणं हेडफोनचं नसतं. दुःख समोरच्या दाराने येईलच असं नाही, मागच्या खिडकीतूनही येतं. ‘किल्ला’ने ती खिडकी बरोबर पकडलीय.

आणि आई बघा ना त्यातली. अमृता सुभाष. तिचे ऑफिसातले ताप वेगळेच. एकाच घरात दोन माणसं एकाच माणसासाठी झुरतायत आणि एकमेकांशी त्यावर बोलत नाहीत. तो आईला त्रास नको म्हणून गप्प, ती त्याला त्रास नको म्हणून गप्प. दोघांचंही प्रेमच आहे. पण त्या प्रेमाने घर मुकं होतं. मेसेज पाठवणाऱ्या मैत्रिणीला मी सगळ्यात आधी ‘किल्ला’ बघ असंच सांगितलं.

आता दुसरा प्रश्न. मुलाने आपलं कोणाला सांगायचं?

इथे मी तुम्हाला एकदम मागे नेतो. साने गुरुजी. थांबा, थांबा, लगेच फॉरवर्ड करू नका! ‘श्यामची आई’ म्हटलं की आपल्याला शाळेतलं संस्कारांचं पुस्तक आठवतं. जरा वेगळ्या बाजूने बघा. १९३३ चा फेब्रुवारी, नाशिकचा तुरुंग. तेहतीस वर्षांचा एक माणूस अवघ्या पाच दिवसांत हे पुस्तक लिहून काढतो. त्याची आई गेली १९१७ साली, तो सतरा वर्षांचा असताना. मधे सोळा वर्षं गेली. आणि पुस्तकाची रचना काय? मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आईच्या शेवटच्या क्षणी आपण तिच्याजवळ नव्हतो हा सल त्या सांगण्याच्या तळाशी आहे.

म्हणजे बघा, एक माणूस बोलतोय, बाकीचे रात्री ऐकतायत, एकेक भाग करून. आपल्या भाषेत पॉडकास्टच की हो! गंमत बाजूला ठेवू. पण तिथले ऐकणारे फार महत्त्वाचे आहेत. ते काही सल्ले देत नाहीत. दुसऱ्या रात्री पुन्हा येऊन बसतात, एवढंच. श्यामला सोळा वर्षांनी का होईना, ऐकणारे मिळाले.

असंच एक दुसरं उदाहरण, प्रकाश नारायण संत. त्यांचा लंपन तुम्ही वाचला असेल, नाहीतर २०२४ मध्ये आलेल्या वेबसीरिजमध्ये भेटला असेल. आईवडील आणि भावंडांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. ‘वनवास’ हा पहिला संग्रह आला १९९४ साली. लंपन भारी मजेशीर आहे. त्याचे स्वतःचे शब्द आहेत, काहीही सांगताना तो चित्रविचित्र आकडे टाकतो, सुमी नावाची मैत्रीण आहे, गाव आहे, झाडं आहेत, संगीत आहे. हसत हसत वाचता. आणि मधेच एखाद्या वाक्याशी पाय अडखळतो, कारण या सगळ्या मजेच्या खाली ‘मला इथे का ठेवलंय?’ हा प्रश्न कायम वाहतोय. तो फारसा विचारत नाही. पुस्तकाचं नावच ‘वनवास’ आहे, आणखी काय सांगायचं!

संतांचा जन्म १९३७ चा. त्यांचे वडील, ना. मा. संत, १९४६ मध्ये गेले. म्हणजे मुलगा जेमतेम नऊ वर्षांचा. आई म्हणजे कवयित्री इंदिरा संत. लंपन म्हणजेच लेखक असं मी म्हणणार नाही, कथा ही कथा असते. पण नऊ वर्षांच्या मुलाच्या नजरेने जग बघायची ताकद त्या माणसाकडे साठीच्या जवळ आल्यावरही शाबूत होती, हे किती विलक्षण आहे!

यातून मी एक गोष्ट घेतो. मेसेजमध्ये ती म्हणाली होती ना, विचारायची वेळ निघून गेली. नाही जात. कोणी सोळा वर्षांनी सांगतं, कोणी त्याहून उशिरा. सांगायला एक्सपायरी डेट नसते.

आता जरा अवघड वळण. सगळ्यात लपवलेली भावना कोणती? रडू नाही, राग पण नाही. अपराधी वाटणं. यासाठी मराठीच्या बाहेर जातो. ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ नावाची कादंबरी, २०११ ची. तिची कल्पना शिवॉन डाउड या लेखिकेची. पण २००७ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने त्या गेल्या आणि पुस्तक लिहिलं पॅट्रिक नेस यांनी. म्हणजे आईच्या आजारपणाची ही गोष्ट ज्या बाईंना सुचली, त्या स्वतः त्याच आजारातून जात होत्या.

तेरा वर्षांचा कॉनर. आई खूप आजारी. रात्री बारा वाजून सात मिनिटांनी घरामागचं यूचं झाड राक्षस होऊन येतं आणि म्हणतं, मी तुला तीन गोष्टी सांगणार, चौथी तू सांगायचीस, आणि ती खरी पाहिजे. हे झाडही उगीच निवडलेलं नाही. यूच्या झाडांपासून कॅन्सरवरची औषधं खरोखर बनतात, आणि कादंबरीत आईचा शेवटचा उपाय तोच असतो.

शाळेत कॉनरशी सगळे इतके जपून वागतात की त्याला आपण अदृश्य झालोय असं वाटतं. त्याने काहीही केलं तरी शिक्षा होत नाही. हे किती भयंकर आहे विचार करा, तुम्ही आदळआपट करताय आणि समोरचा नुसता कीव करून बघतोय! शेवटी चौथी गोष्ट बाहेर येते. आईने जगावं असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि त्याच वेळी, हे सगळं एकदाचं संपावं असंही वाटत होतं. कारण ते सहन होत नव्हतं. असा विचार मनात आला म्हणजे मी राक्षस आहे, असं तो समजून चाललाय.

घरात लांबलेलं आजारपण ज्यांनी बघितलंय, त्यांना हे कळेल. रात्रीचं जागरण, औषधांचे वास, दवाखान्याची बिलं, आणि मनात एक क्षण चमकून जाणारा विचार, ‘सुटावं एकदाचं.’ आणि त्या विचारापायी पुढची कित्येक वर्षं स्वतःला खाणं. ती गोष्ट शांतपणे सांगते की एका मनात दोन उलट्या गोष्टी एकत्र राहू शकतात. विचार येणं म्हणजे तसं करणं नव्हे. तुमच्या विचाराने कोणी मेलेलं नाही.

बरं, दुःख म्हणजे दर वेळी मृत्यूच असतो का? ‘शाळा’ घ्या. मिलिंद बोकील, २००४. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याची शिरोडकर. पुढे काय होतं? कोणी मरत नाही. ती गाव सोडून जाते, एवढंच. पण त्या वयात ‘एवढंच’ म्हणजे सगळंच असतं. या दुःखाला भेटायला कोणी येत नाही, त्याची सुट्टी मिळत नाही, ते कोणाला सांगताही येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्याच बाकावर बसायचं असतं. मोठे याला पोरखेळ म्हणतात. बोकील म्हणत नाहीत, म्हणून ते पुस्तक अजून पोरं वाचतात.

आणि ‘फँड्री’. नागराज मंजुळे, २०१३. जब्याचं दुःख भूतकाळात नाही, ते रोज सकाळी त्याच्याबरोबर उठतं. ज्या मुलांमध्ये त्याला मान वर करून बसायचंय, ज्या शालूने आपल्याकडे बघावं म्हणून तो झुरतोय, त्यांच्याच देखत त्याला घरच्यांबरोबर डुकरं पकडावी लागतात. सगळे हसतात. तीही हसते. इथे ‘काळ हे औषध आहे’ वगैरे वाक्य पार निकामी ठरतं. कारण जखम करणारा हात थांबलेलाच नाही. जब्या शेवटी दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्याकडे येतो. त्या मुलाला समजावणं किंवा समुपदेशन पुरेसं नाही, आजूबाजूच्यांनी बदलायला पाहिजे, हे तो दगड सांगतो. काही वेळा मोठं होणं म्हणजे माझ्यात काही खोट नाही हे कळणं.

आता थोडी तक्रार करतो, चालेल ना? हल्ली वेबसीरिजमध्ये एक फॉर्म्युला झालाय. पात्र खुनी आहे, का? लहानपणी असं झालं. पात्र प्रेम करू शकत नाही, का? लहानपणी तसं झालं. निळसर रंगाचा दोन मिनिटांचा फ्लॅशबॅक, संपलं! ट्रॉमा म्हणजे कुलपाची किल्ली. लावली की माणूस उघडला. यातून एक चुकीची गोष्ट आपल्या डोक्यात बसते, की ज्याच्यावर लहानपणी आघात झाला तो आता कायमचा मोडका किंवा धोकादायक.

‘कोसला’ आठवा. १९६३ ची कादंबरी, नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे. पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. देवी हा रोग आज तुम्हाला माहीतही नसेल. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ मधला आणि १९८० मध्ये तो जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. पण त्या काळी घरोघरी त्याने मुलं नेली. सगळ्या जगाची टर उडवणारा पांडुरंग मनीपाशी येतो आणि त्याचा आवाजच बदलतो. तरी कादंबरी ‘मनी गेली म्हणून हा असा झाला’ असं गणित मांडत नाही. कॉलेज, पैसे, मित्र, वडील, कंटाळा, हे सगळं आहे आणि त्यात मनीचं जाणंही आहे. ते मिटत नाही, आणि तेच सगळं काही आहे असंही नाही. चिन्मयचं तसंच, लंपनचं तसंच. दुःख झालेलं मूल भूक लागली की खातं, क्रिकेट खेळतं, जोक मारतं, परीक्षेला घाबरतं. दहाव्या दिवशी हसू आलं म्हणून प्रेम कमी होतं असं नसतं.

तर मग आपण काय करायचं? तुमच्या वर्गात, ग्रुपमध्ये कोणाच्या घरी असं घडलं असेल तर ‘स्ट्राँग राहा’ हा मेसेज टाकू नका, प्लीज. ‘आता तूच घरचा मोठा’ हे तर अजिबात नको. श्यामच्या मित्रांसारखं करा. जा, बसा, पुन्हा जा. तेराव्यानंतर सगळे आपापल्या कामाला लागतात, खरी गरज तेव्हा असते. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला बिचकू नका. ‘तुझे बाबा कसे होते गं?’ एवढं विचारलंत तरी पुष्कळ. ती नको म्हणाली तर विषय सोडा, चहा प्या.

घरात लहान भावंडं असतील तर त्यांना खरं सांगा. सोप्या शब्दांत, पण खरं. ‘देवाघरी गेले’, ‘झोपलेत’ असं सांगितलं की लहान मूल ते तसंच धरून बसतं आणि मग त्याला झोपायची भीती वाटू लागते. ‘मी तुझ्यावर रागावले होते म्हणून गेले का?’ हा प्रश्न ते विचारत नाही, पण मनात असतो. त्याने न विचारताही उत्तर द्या, नाही रे, तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही.

आणि हे ऐकताना तुमचंच काही वर आलं असेल, झोप लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर एकट्याने ओढत बसू नका. टेलिमानस ही सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू, मराठीतही बोलता येतं. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ ही चाइल्डलाइनही आहे. नंबर आत्ताच सेव्ह करा. स्वतःला नाही लागला तरी कोणाला तरी द्यायला उपयोगी पडेल.

गोष्टी औषध नसतात, हे मी मान्य करतो. पण जी गोष्ट घरात कोणी बोलत नाही, ती एखाद्या पुस्तकात लिहिलेली सापडली की माणसाला वाटतं, अरे, हे मलाच झालं नव्हतं तर! आणि एकदा हे कळलं की बोलायला तोंड फुटतं.

तर या वेळचं होमवर्क. आज जी नावं घेतली त्यातलं एक काहीतरी निवडा, बघा किंवा वाचा, आणि जमलं तर घरातल्या कोणाबरोबर तरी. आईबरोबर ‘किल्ला’ बघा. सिनेमा संपल्यावर टीव्ही लगेच बंद करू नका, नावं जाऊ द्या, थोडं बसा. बघा कोण आधी बोलतं ते. आणि तुमच्या आवडीची अशी गोष्ट मी सोडली असेल तर मला कळवा, पुढच्या भागात तुमचे मेसेज वाचू.

काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात. बाय!